मोकळा वेळ आणि सासऱ्यांची कवळी

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

नोकरी सोडून आज तिसरा दिवस. सोडली म्हणजे मी सोडली. हे आधी स्वच्छ लिहून ठेवतो, कारण घरात याबाबत गैरसमज पसरलेला आहे. घरात माणसं तीन. मी, ही आणि हिचे वडील. मला वगळलं तर गैरसमज सर्वांचा आहे.

झालं ते असं. आमची दातांची लॅब. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून दात नि कवळ्या करून देतो. एकोणीस वर्षं मी कवळ्या हाताने केल्या. लॅबमध्ये मला मास्टर म्हणतात. गेल्या महिन्यात मालकांनी मशीन आणलं. कॉम्प्युटरवर चित्र फिरवायचं, बटण दाबायचं, कवळी बाहेर. मालक म्हणाले, मास्टर, उद्यापासून तुम्हीपण यावर बसा. मी म्हटलं, या लॅबमध्ये एक तर मी राहीन नाहीतर हे मशीन. विचार करून सांगतो म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी अजिबात विचार केला नाही, तिथल्या तिथे सांगितलं.

तरी राजीनामा माझाच. सही माझी आहे.

आठ दिवसांत फोन येणार. मशीनला हिरडीचा रंग काय कळतो?

तोवर दोन नोकऱ्यांमधल्या या वेळेचं सोनं करायचं. ही म्हणाली, दोन नोकऱ्यांमधला म्हणायला दुसरी नोकरी लागते. हिला कुठे थांबावं ते कळत नाही.

वेळापत्रक: ५.३० उठणे. व्यायाम. ७ ते ९ वाचन, जाड पुस्तक. ९ ते १ कौशल्यवृद्धी. दुपारची झोप बंद. आज उठायला साडेसहा झाले, पण पहिला दिवस धरायचा नसतो.

३ मार्च, मंगळवार. सकाळी ११.०५

ही सव्वानऊला वीज कंपनीच्या ऑफिसात जाते. त्यानंतर घर शांत असतं अशी माझी एकोणीस वर्षांची समजूत. ठार चूक. दहा वाजता सासऱ्यांनी क्लॅरिनेट काढलं. एकच चार मिनिटांची धून, पुन्हा पुन्हा. बाराव्या वेळेला मी जाड पुस्तक मिटलं. पान तीन.

चौकशी केली. सासरे तीस वर्षं कारखान्यात फोरमन आणि कारखान्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. कारखाना कधीच बंद झाला, बँडमधले सात म्हातारे उरलेत. येत्या २९ तारखेला, रविवारी संध्याकाळी, ते सातजण बागेतल्या जुन्या चौथऱ्यावर शेवटचं वाजवणार. नंतर तो चौथरा पाडून तिथे पार्किंग होणार आहे. मधली चार मिनिटं एकट्या सासऱ्यांची. वय शहात्तर. पुढच्या वर्षी छातीत एवढा दम राहणार नाही असं त्यांनी सांगितलं, मीठ पुढे सरकवा म्हणावं तशा आवाजात.

मी म्हटलं, वाजवा वाजवा. दुसरं काय म्हणणार?

फोन नाही. अजून लवकर आहे.

५ मार्च, गुरुवार. रात्री ८.२०

एकला सासरे झोपतात ते चारला उठतात. झोपताना कवळी काढून उशाशी भांड्यात ठेवतात. फक्त वरचीच कवळी आहे, खालचे दात त्यांचे स्वतःचे. आज सहज म्हणून ती उजेडात नेऊन बघितली. आयुष्यात पहिल्यांदा.

तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षांची जुनी, कुठल्या तरी भलत्याच लॅबची. टाळूला पिवळेपणा. आणि समोरच्या दोन दातांच्या कडेला चक्क खाच पडलेली, उंदराने कुरतडल्यासारखी. असली कवळी तोंडात घालून हे गावभर हिंडतात, आणि जावई कोण, तर कवळ्यांचा मास्टर. लोक काय म्हणत असतील? माझी नोकरी यामुळेच तर गेली नसेल ना, असंही मनात आलं. (गेली नाही. सोडली.)

तर ठरलं. सासऱ्यांना नवी कवळी. अस्सल हातकाम. २९ तारखेला ते चौथऱ्यावर उभे राहतील, समोर पहिल्या रांगेत मालक असतील (निमंत्रण मी देणार), सासरे हसतील, आणि मालकांना आपण काय घालवून बसलो ते त्या एका हसण्यात कळेल. दुसऱ्या दिवशी फोन.

संध्याकाळी सासऱ्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, ही बरी आहे की. मी म्हटलं, बरी आणि उत्तम यात फरक असतो. म्हणाले, जावईबापू, तुम्हाला वेळ आहे हे मला कळतं, पण एकोणतीस तारीख होऊ दे, मग काय हवं ते करा.

म्हणजे तत्त्वतः होकार.

९ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५

दुपारी एक ते चार, मोहीम पहिली. गुलाबी पावडर कालवली, कवळीचा साचा घेतला, साच्यात प्लास्टर ओतलं, कवळी धुऊन जागच्या जागी. सासऱ्यांना पत्ताही नाही. साडेतीनला मी पेपर वाचत बसलो होतो, हातावर प्लास्टरचा एक कण नाही. याला म्हणतात हातकाम.

प्लास्टरच्या मॉडेलवर ती खाच अर्थातच उतरली होती. तीही लगेच प्लास्टरनेच भरून टाकली. चूक दिसली की दुरुस्त करायची, हा माझा स्वभाव आहे. मशीन असतं तर चूक जशीच्या तशी उचललं असतं.

आठवा दिवस. फोन नाही. मालक मानी आहेत.

१० मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०

उरलेलं प्लास्टर मी सिंकमध्ये ओतलं होतं. लॅबमध्येही तेच करतो. पण लॅबच्या सिंकला खाली गाळ धरायचं भांडं असतं, घरच्या सिंकला नसतं, ही गोष्ट घर बांधणाऱ्याने आधी सांगायला हवी होती. पाइपात प्लास्टर दगड होऊन बसलं. पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून उतरलं. त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी होती.

प्लंबर आला. पाइपाचा तुकडा कापून त्यातला दगड काढून मला दाखवला आणि विचारलं, साहेब, हे काय खाता तुम्ही लोक? हल्ली कुणाला बोलायची पद्धत राहिलेली नाही.

हिने ऑफिसातून फोन करून सांगितलं, स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. मी काय लहान आहे?

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ४.१०

मेणाची कवळी तयार. दात लावले. काय रेषा, काय गोलाई. समोरचे दोन दात तर असे की बघणाऱ्याने आपले झाकून घ्यावेत. स्वतःची तारीफ मी करत नाही, पण दुसरं कुणी घरात नव्हतं.

आता मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरायचं आणि उकळत्या पाण्यात शिजवायचं, की कवळी पक्की. लॅबमध्ये त्याला वेगळी टाकी असते. घरी काय आहे? कुकर आहे.

१४ मार्च, शनिवार. दुपारी ३

शनिवारी हिचं ऑफिस अर्धा दिवस असतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. एकोणीस वर्षं शनिवारी मी संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये असायचो, मला काय ठाऊक?

दार उघडून आत आली तर घरभर ॲक्रिलिकचा वास, कुकर फुसफुसतोय, आणि मी नाकाला रुमाल बांधून समोर घड्याळ घेऊन बसलेला. तिने काही न विचारता गॅस बंद केला. मी ओरडलो, अगं अजून वीस मिनिटं हवीत. ती म्हणाली, या कुकरमधलं उद्या आपण जेवणार होतो.

कवळी निघाली. पण आत सगळी भोकं भोकं. पावाचा तुकडा वाटावा इतकी जाळी. कारण उघड आहे. पाणी एकदम उकळलं, गॅस कमी-जास्त झाला आणि ऐनवेळी बंद झाला. कारागिराला अवजार आणि घरच्यांची साथ नसेल तर एकटा हात काय करणार? साचाही, तो ज्या धातूच्या डबीत दाबून ठेवतात ती उघडताना, फुटला.

हिने कुकर जिन्याखाली नेऊन ठेवला. नवा आणावा लागेल म्हणाली. आणि म्हणाली की बाबांच्या दातांना हात लावलास तर याद राख. एरवी मला अहो म्हणते. चिडली की अरे. त्यावरून अंदाज येतो.

रागारागाने लॅबमध्ये फोन लावला, आपली नुसती खुशाली विचारायला. मशीनवाली बाई बोलली. मालक कामात आहेत म्हणाली. पाठीमागे मशीनची घरघर ऐकू येत होती. ही बाई आधी पडद्यांच्या कापडाची डिझाइनं काढायची. दातांशी हिचा संबंध सकाळी घासण्यापुरता.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी ४.४५

जमलं. जमलं. जमलं.

बारा दिवस उरलेत, नवी कवळी होणं अवघड, हे मी शांतपणे मान्य केलं. मग डोकं चालवलं. नवी कशाला? आहे तीच सुधारायची. आज एक वाजून पाच मिनिटांनी सासऱ्यांचं घोरणं सुरू झालं. एक दहाला कवळी माझ्या टेबलावर. समोरचे दोन दात काढून नवे बसवले, खाच नाहीशी, टाळूचा पिवळेपणा घासून काढला, पॉलिश. तीन पन्नासला भांड्यात परत. दोन तास चाळीस मिनिटं. आहे का कुणा मशीनची माय व्यालेली?

सासरे उठले. कवळी घातली. चहा प्याले. जीभ दोनदा समोरून फिरवली. म्हणाले, आज काहीतरी गुळगुळीत लागतंय. मी पेपराआडून म्हटलं, हवा बदलली आहे.

सांगणार नाही. २९ तारखेला सगळं एकदमच कळेल. मालकांना निमंत्रण पोस्टात टाकलं.

१८ मार्च, बुधवार. सकाळी १०.४०

सासऱ्यांच्या क्लॅरिनेटमधून आज बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा आवाज येतोय. वाद्याच्या तोंडाची पत्ती बदलून झाली. दुसरी पत्ती लावून झाली. तोच आवाज. मध्येच वाद्य तोंडातून घसरतं.

मी जाऊन सांगितलं की दमट हवेत असं होतं. आज हवा कोरडी आहे, पण त्यांना धीर द्यायला हवा होता.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी १२

तिसरा दिवस. तेच किंचाळणं. सुरुवातीला मला राग येत होता, आता काळजी वाटते. वय झालं की फुप्फुसं जातात, ओठ सैल पडतात. नाचता येईना अंगण वाकडं असं माणूस पत्तीला दोष देत बसतो. हे मी त्यांना प्रेमाने समजावलं. श्वासाचे व्यायामही कागदावर लिहून दिले, क्रमांक घालून.

त्यांनी कागद वाचला. घडी करून खिशात ठेवला. मग बँडच्या ढोलवाल्याला फोन केला. मी शेजारीच होतो. म्हणाले, माझं काही खरं नाही गड्या, ओठ गेले माझे. मधली चार मिनिटं ट्रम्पेटला दे. मी मागच्या खुर्चीवर बसून नुसतं हातात धरून राहीन, सातजण दिसले पाहिजेत ना.

फोन ठेवून क्लॅरिनेट पुसत बसले. अर्धा तास पुसत होते.

मला कुणाचा तरी प्रचंड राग आला, पण कुणाचा ते ठरेना. शेवटी मालकांचा धरला.

२१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

दुपारी सासरे झोपले नाहीत. खिडकीशी बसून कवळी हातात घेऊन अंगठ्याने चाचपत होते. मला हाक मारली. विचारलं, जावईबापू, इथे एक खाच होती, ती कुठे गेली?

मी अभिमानाने सांगितलं. म्हणजे सुरुवात अभिमानाने केली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं, नव्या कामगाराला सांगावं तसं, हळू. क्लॅरिनेट तोंडात धरतात तेव्हा वरचे दात त्याच्या टोकावर टेकतात. अठरा वर्षं रोज टेकून टेकून ती खाच पडलेली. वाद्य आपोआप तिथे जाऊन बसायचं, त्यांना बघावं लागत नसे. आता नव्या गुळगुळीत दातांवरून ते सरकतं. एवढंच. म्हणजे ओठ गेलेले नाहीत, असं म्हणून जरा हसलेही.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उलट ओरडायची पूर्ण तयारी केली होती. अठरा वर्षं कवळी झिजवली, एका शब्दाने कुणाला सांगितलं का? मला स्वप्न पडणार होतं? मी एकोणीस वर्षांत हजारो कवळ्या केल्या, पण आमच्याकडे तोंडं येत नाहीत, फक्त मापं येतात. माप काही बोलत नाही.

ओरडण्याचं काम हिने केलं. संध्याकाळी पाच ते पावणेसहा. सगळं लिहीत नाही. सारांश असा की रिकामा न्हावी आणि मी यात न्हावी परवडला.

२२ मार्च, रविवार. दुपारी १२.३०

चूक झाली तर ती निस्तरायची हिंमत लागते. माझ्यात ती आहे. खाच हवी ना? खाच देतो. त्यात काय मोठंसं?

ही बाजारात गेल्यावर सासऱ्यांकडून कवळी मागून घेतली. त्यांनी दिली, हेही लिहून ठेवतो. माझी घासकामाची मोटर लावली. आता प्रश्न असा की खाच किती रुंद, किती खोल, नेमकी कुठे. सासरे म्हणाले, जरा डावीकडे. घासली. लावून बघितली. म्हणाले, थोडी खोल. घासली. म्हणाले, आता तिरकी वाटते. सरळ करायला गेलो. खरं तर तेव्हा थांबायला हवं होतं, पण मला राग आला होता, आणि रागात माझा हात जास्त स्थिर असतो असा माझा अनुभव होता.

डावा दात उडाला. भिंतीवर आपटून फ्रिजखाली गेला. उजव्याला मधोमध चीर.

सासरे गुडघ्यावर बसून झाडूच्या दांड्याने फ्रिजखालून दात काढत होते. मी म्हटलं, राहू द्या, बाबा, मी काढतो. म्हणाले, तुम्ही काही करू नका.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.५०

पाच दिवस राहिले. सासऱ्यांच्या तोंडात वर काही नाही. पाव चहात बुडवून खातात. गाल आत गेले आहेत. बोलतात ते मला निम्मंच कळतं, पण त्यांचं बोलणंही निम्मं झालंय, त्यामुळे फार अडत नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण यात मूळ दोष कुणाचा? मालकांनी मशीन आणलं नसतं तर मी लॅबमध्ये असतो. लॅबमध्ये असतो तर दुपारी घरी नसतो. घरी नसतो तर सासऱ्यांची कवळी बघितली नसती. हे मी हिला कागदावर बाण काढून दाखवलं. तिने कागदावर भाजीची निवडलेली देठं टाकली.

डॉक्टरकडून नव्याने कवळी करायची तर तीन आठवडे. आणि केली तरी खाच कुठून आणणार? जुना साचा फुटला. फुटला नसता तरी त्यातली खाच मीच बुजवलेली. दातओठ खायचे म्हटलं तर घरात वरचे नि खालचे दोन्ही दात असलेला मी एकटाच पुरुष.

ट्रम्पेटवाला धून शिकायला येऊन गेला. सासऱ्यांनी बोटांनी टेबलावर ठेका धरून त्याला शिकवली. भला माणूस आहे, पण दर ओळीला चुकतो.

फोन नाही. आता आला तरी मी लगेच हो म्हणणार नाही. दोन मिनिटं थांबेन.

२५ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७

हिने आज रजा घेतली होती. सकाळीच तुटकी कवळी आणि तो दात पिशवीत घालून बाहेर पडली. कुठे, विचारलं. कामाला, म्हणाली. दुपारी रिकाम्या हाताने परत आली. कुठे गेली होतीस? तिने भाजी निवडायला घेतली. मला अंधारात ठेवून घरात काय काय चालतं.

व्यायाम, वाचन झालं नाही. मनःस्थिती नव्हती. पान तीन.

२६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.३०

पाव आणायला खाली गेलो होतो. परत येताना जिन्यात थबकलो. वरून ती धून येत होती. स्वच्छ. एकही किंचाळणं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून ऐकत उभ्या होत्या, त्यांच्या छताला अजून ओल होती.

वर गेलो. सासरे खिडकीशी, डोळे मिटून. तोंडात कवळी. मला बघून थांबले, कवळी काढून माझ्यापुढे धरली. समोर दोन दात, आणि कडेला तीच खाच. तशीच वाकडी, डावीकडे जरा खोल. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, मानलं तुम्हाला, जावईबापू. मी उगाच तुम्हाला बोललो.

मी हिच्याकडे बघितलं. ही स्वयंपाकघरात निघून गेली.

तिथे तिने सांगितलं, हळू आवाजात. मागच्या वर्षी या कवळीला बारीक चीर पडली होती. ती बुजवायला हिने माझ्याकडे दिली होती. मी लॅबमध्ये नेली, जेवणाच्या सुट्टीत बुजवली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नेमकं त्याच दिवशी कंपनीचे लोक मशीनचा डेमो द्यायला आलेले, आणि टेबलावर होतं ते त्यांनी स्कॅन करून दाखवलं. ते चित्र कॉम्प्युटरमध्ये तसंच पडून होतं. हिने मशीनवालीला हात जोडले. मशीनवालीने शोधून काढलं. काल दुपारी मशीन सुरू केलं, आज सकाळी कवळी हिच्या हातात. खाचेसकट, कारण मशीनला ती चूक आहे हे माहीत नव्हतं.

मग बाबांना माझं नाव का सांगितलंस, मी विचारलं. म्हणाली, एवढं तरी तुम्हाला राहू दे.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८

राहू दे? राहू दे? मी काय भिकारी आहे? एकोणीस वर्षं मास्टर म्हणवून घेतलेला माणूस आणि त्याला बायको मशीनच्या कवळीचं श्रेय वाटीत घालून देते. रागाने झोप नाही. उठायला मात्र पहिल्यांदाच बरोबर साडेपाच वाजले.

ठरवलं. आजच सासऱ्यांना खरं सांगणार. सरळ, दोन वाक्यांत.

दुपारी १२.१५

दहाला गेलो. वाजवत होते. अकराला गेलो. ढोलवाल्याशी फोनवर बोलत होते, मधली चार मिनिटं परत माझी, ट्रम्पेटला सांग. बाराला गेलो. सफरचंद खात होते. न कापता. मला म्हणाले, अठरा वर्षांत सफरचंद असं चावलं नव्हतं, भीती वाटायची. मी म्हटलं, बाबा, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, बोला. मी म्हटलं, बी काढून खा.

कार्यक्रमाच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाला धक्का देऊ नये. रविवारनंतर सांगेन.

२९ मार्च, रविवार. रात्री ८

बागेत दोनशे माणसं असतील. सात म्हाताऱ्यांचे सात कोट, सगळे आता सैल. मी पहिल्या रांगेत. मालक येणार नाहीत असं गृहीत धरून बसलो होतो. आले. मशीनवालीही आली, नवऱ्याला नि मुलांना घेऊन. माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथेच बसले.

सासरे मध्ये उभे राहिले. चार मिनिटं. मला संगीतातलं कळत नाही. पण तिसऱ्या मिनिटाला एक लांब सूर आहे, तो घरी ते मध्येच सोडायचे. आज सोडला नाही. धरून ठेवला. माझ्या छातीत दुखायला लागलं, मीच श्वास रोखला होता. हिने माझा दंड घट्ट धरला होता, बहुतेक नकळत.

टाळ्या थांबेनात. सासऱ्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं, माइक घेतला. म्हणाले, आठवड्यापूर्वी माझ्या तोंडात दात नव्हते. मी आज नुसता बसून राहणार होतो. माझ्या जावयांनी ही कवळी स्वतःच्या हाताने केली. नोकरी सुटलेली, डोक्याला ताप, तरी रात्रंदिवस खपले. उभे राहा, जावईबापू.

मी उभा राहिलो. दोनशे लोक टाळ्या वाजवत होते. मालक वाजवत होते. मशीनवाली वाजवत होती, खाली बघत. तिच्या मुलाने तिला काहीतरी विचारलं, तिने त्याचा हात दाबला.

निघताना मालक म्हणाले, मास्टर, खाच झकास जमली. आणि खांद्यावर थोपटून गेले. एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी थोपटलं नव्हतं. टोमणा मारला असता तर मी त्यांना तिथेच सुनावलं असतं. तोंडाशी आलेलं सगळं तसंच गिळून घरी आलो.

३० मार्च, सोमवार. सकाळी ९.३०

आज सांगायचं होतं. चहाच्या वेळी तोंड उघडलं, तेवढ्यात सासरेच म्हणाले, जावईबापू, माझे खालचे दात हलायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, गुरुवारी सगळे काढू. खालची कवळीही तुम्हीच करा. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातची मी घालणार नाही.

ही चहा गाळत होती. गाळणं हातातच राहिलं.

मी म्हटलं, करतो.

३१ मार्च, मंगळवार. दुपारी २

अकराला लॅबमध्ये गेलो. मागच्या दाराने जायची सवय, पण आज पुढून गेलो, डॉक्टरांकडची माणसं उभी राहतात त्या खिडकीशी. माझ्यापुढे दोघे होते. मालक बाहेर गेलेले. मशीनवालीला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, हसली नाही. गुरुवारनंतर माप आणून द्या म्हणाली. नाव कुणाचं घालू, विचारलं. पेशंटचं घाला, मी म्हटलं.

मग म्हटलं, हे चालतं कसं ते जरा बघत बसू का, मला वेळ आहे. तिने स्टूल दिलं. माझंच स्टूल, आता मशीनपाशी ठेवतात. पाऊण तास बसलो. पडद्यावर कुणाची तरी कवळी फिरत होती. समोरचा एक दात जरा पुढे आलेला दिसला. मी तो दाखवायला बोट पुढे केलं.

ती म्हणाली, काका, हात नका लावू.

नाही लावला.